कोणतं रुग्णालय बरं: ८.४ टक्केवालं की १८.९ टक्केवालं?

समजा, इंदुरात दोन रुग्णालयं आहेत. त्यांना अ आणि ब म्हणू; आकडेही समजावण्यापुरते मीच बनवलेत. गेल्या वर्षी दोन्हीकडून हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय कमजोर होऊन दम लागणारे, पाय सुजणारे, प्रत्येकी १००० रुग्ण सुट्टी होऊन घरी गेले. अ मधून गेलेल्यांपैकी ८४ जण महिन्याभरात पुन्हा दाखल झाले, ब मधून गेलेल्यांपैकी १८९. म्हणजे ८.४ टक्के आणि १८.९ टक्के. आता बाबांना रात्री झोपलं की दम लागतोय. कुठे न्याल?

बहुतेकजण अ म्हणतील. मी हे दोनच आकडे पाहून तरी अ म्हणणार नाही.

घरी गेलेला माणूस आठ-पंधरा दिवसांत परत स्ट्रेचरवर आला, तर काहीतरी राहून गेलं असण्याची शक्यता असते. सुट्टी लवकर दिली असेल, जखमेत पू झाला असेल, लघवीची गोळी वाढवली हे घरच्यांना कुणी सांगितलंच नसेल. ही शक्यता झाली, पुरावा नव्हे. पण मोजायला सोपी असल्यामुळे जगभर रुग्णालयांचा दर्जा तपासताना ‘पुन्हा दाखल’चा आकडा हमखास काढतात. सगळ्यात जास्त डोकेफोड अमेरिकेत झाली, कारण तिथे त्याला पैसे जोडले गेले. ६५ च्या वरच्या लोकांसाठीचा तिथला सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर. या विम्याखालच्या रुग्णांपैकी १९.६ टक्के सुट्टीनंतर ३० दिवसांत परत दाखल होतात, असं २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. २०१० च्या आरोग्य कायद्यात त्यावर दंडाची तरतूद आली आणि ऑक्टोबर २०१२ पासून तो लागू झाला. अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण परत येत असतील, तर मेडिकेअर त्या रुग्णालयाचे पैसे कापतं. आधी जास्तीत जास्त १ टक्का, नंतर ३ टक्क्यांपर्यंत. पैसे कापले जायला लागले की प्रत्येक रुग्णालय सूत्राचा कीस काढतं, आणि सूत्र सुधारतं ते अशा भांडणातूनच.

३० दिवसच का, याला फार खोल कारण शोधू नका. आपल्याकडे मेडिक्लेमच्या बारीक अक्षरांत ४५ दिवस सापडतील: शेवटच्या तपासणीपासून ४५ दिवसांत तोच आजार उलटला, तर तो एकच आजार धरतात. आयुष्मान योजनेत सुट्टीनंतरच्या १५ दिवसांची औषधं आणि तपासण्या धरलेल्या असतात. एनएबीएच या संस्थेचं दर्जाचं मानांकन घेणारी रुग्णालयं ७२ तासांत इमर्जन्सीत परत आलेले आणि ४८ तासांत आयसीयूत परत गेलेले मोजतात. मुदत कोणतीही असो, सगळ्यांना एकच लावली म्हणजे तुलनेची सुरुवात तरी होते.

खरी पंचाईत भागाकारात आहे. वर काय ठेवायचं आणि खाली काय?

खालचा आकडा चुकला की काय होतं, याचं जुनं उदाहरण आहे. १८६१ साली लंडनच्या २४ रुग्णालयांतलं मृत्यूचं प्रमाण ९०.८४ टक्के होतं, असा तक्ता फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या रुग्णालयांवरच्या पुस्तकात १८६३ साली आला. आकडे त्यांचे स्नेही आणि नावाजलेले संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याकडचे. शंभरातले नव्वद मेले? तसं नव्हतं. वर ठेवले होते वर्षभरातले ३,८२८ मृत्यू आणि खाली एका ठराविक दिवशी खाटांवर असलेले ४,२१४ रुग्ण. वर्षभरात दाखल झालेल्या सगळ्यांनी भागलं असतं तर आकडा दणकन खाली आला असता. डॉक्टरांनी तेव्हाच आरडाओरडा केला. नाइटिंगेलबाईंचा हेतू चांगला होता आणि आकड्यांवर त्यांची पकडही होती, तरी हे झालं.

आपल्याकडे वरचा आकडाच धड मिळत नाही. कुठल्याही मोठ्या रुग्णालयाची रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये एक नोंद: शकुंतला बाई, ‘पिता/पति का नाम’ या रकान्यात रमेश, वय ६०. पंधरा दिवसांनी दुसरी नोंद: शकुंतलाबाई, रकान्यात मुलाचं नाव (तोच घेऊन आला होता), वय ५८. जुना कागद घरी राहिला म्हणून खिडकीवर नवा नंबर मिळाला. आता कॉम्प्युटरच्या लेखी या दोन बायका आहेत आणि दोघीही एकदाच आल्या आहेत. रुग्णालय जितकं गबाळं, तितके त्याचे ‘पुन्हा दाखल’ कमी! १४ अंकी आभा नंबर, म्हणजे प्रत्येकाचा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक, सगळीकडे लागला तर हे बरंचसं सुटेल. तोवर कुणी कौतुकाने कमी आकडा दाखवला, तर जुना रुग्ण ओळखता कसा, हे आधी विचारावं.

त्यातून इंदूर म्हणजे सगळ्या माळव्या-निमाडचा दवाखाना. बडवानी, आलीराजपूर, झाबुआ, खरगोन, सगळीकडून रेफर झालेले इथे येतात. बडवानीच्या माणसाला इथून सुट्टी मिळाली आणि दहाव्या दिवशी परत दम लागला, तर घरचे पुन्हा दीडशे किलोमीटर गाडी करतीलच असं नाही. जवळच्या जिल्हा रुग्णालयात नेतील. ते दाखल होणं इंदूरच्या कुठल्याच रजिस्टरात उमटत नाही. म्हणजे ज्याचे रुग्ण लांबचे, त्याचा आकडा आपोआप चांगला. मेडिकेअरची सोय ही, की रुग्ण देशात कुठेही दाखल झाला तरी बिल त्यांच्याकडेच येतं. त्यामुळे तिथे पहिल्या रुग्णालयातून सुटलेला माणूस दुसरीकडे दाखल झाला, तरी तो पहिल्याच्याच खात्यावर पडतो.

काही जणांना मोजणीतून वगळावं लागतं. केमोसाठी ठरल्या तारखेला परत येणारा काही बिघडलं म्हणून येत नाही. एका रुग्णालयाने दुसऱ्याकडे पाठवलेला माणूस ‘सुटला आणि परत आला’ असा मोजून चालत नाही. शेवटी ज्याने घरी सोडलं, त्याच्या नावावर तो जातो. आणि आपल्याकडे नेहमी दिसणारं ‘डामा’, म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना सही करून रुग्णाला घरी नेणं. खर्च झेपत नाही म्हणून नेलेल्याचा दोष रुग्णालयावर कसा टाकणार? अमेरिकेच्या मोजणीतही अशांना वगळतात. फक्त डामाचा शिक्का खरा हवा. अवघड रुग्णाकडून सही घेऊन मोकळं होण्याची सवय एखाद्या ठिकाणी असेल, तर हीच सूट त्याच्या पथ्यावर पडते.

हे सगळं नीट झालं असं धरू आणि अ-ब कडे परत येऊ.

इंदुरातल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासेसची होर्डिंग्ज आठवा. एक क्लास प्रवेश परीक्षा घेऊन आधीच हुशार मुलं निवडतो आणि मग ‘इतके सिलेक्शन’ म्हणून फोटो लावतो. दुसरा येईल त्याला घेतो. दोघांच्या निकालाची टक्केवारी शेजारी-शेजारी ठेवून कोण चांगलं शिकवतं ते कळत नाही. आत काय आलं होतं ते धरून बाहेर काय पडलं ते बघावं लागतं. रुग्णालयांच्या बाबतीत याला केस मिक्स म्हणतात.

आपले रुग्ण दोनच प्रकारचे समजा. सौम्य, ज्यांच्यातले शहरभरात सरासरी ५ टक्के परत येतात. आणि गंभीर, म्हणजे किडनीही खराब, साखरही वाढलेली, आधी दोन वेळा दाखल झालेले, ज्यांच्यातले २५ टक्के परत येतात. अ कडे ९०० सौम्य आणि १०० गंभीर होते. शहराच्या सरासरीने तिथे परत यायला हवे होते ४५ आणि २५ मिळून ७०. आले ८४. ब कडे २०० सौम्य आणि ८०० गंभीर. तिथे अपेक्षित १० आणि २००, मिळून २१०. आले १८९. प्रत्यक्ष भागिले अपेक्षित केलं की अ चं उत्तर १.२ येतं आणि ब चं ०.९. दुप्पट वाईट दिसणारं ब अपेक्षेपेक्षा बरं निघालं, आणि देखणं अ अपेक्षेपेक्षा वाईट.

सगळ्या आधुनिक पद्धतींचा गाभा एवढाच आहे. फक्त खऱ्या कामात दोन कप्प्यांनी भागत नाही. वय, मधुमेह, किडनी, फुप्फुसं, आधी किती वेळा दाखल झाला, असे पंचवीस-तीस मुद्दे असतात आणि त्यांचे कप्पे पाडायला बसलो तर एकेका कप्प्यात एकही रुग्ण उरणार नाही. म्हणून जुन्या हजारो नोंदींवरून प्रत्येक मुद्द्याचं वजन काढतात आणि त्या वजनांवरून प्रत्येक रुग्णाची परत येण्याची शक्यता काढतात: या आजींची ३१ टक्के, त्या काकांची ७ टक्के. या हिशेबाला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात. सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजे त्या रुग्णालयाचा अपेक्षित आकडा. तयार वजनंही मिळतात. १९८७ चा चार्ल्सन निर्देशांक अजून सर्रास वापरतात. त्यात जुन्या हार्ट अटॅकला १ गुण, किडनीच्या मोठ्या आजाराला २ आणि शरीरभर पसरलेल्या कॅन्सरला ६. तो बनवला होता वर्षभरातल्या मृत्यूच्या अंदाजासाठी, पण ‘माणूस एकूण किती आजारी आहे’ याचं माप म्हणून कुठेही लावतात.

कोणते मुद्दे घ्यायचे, इथे मात्र अक्कल लागते. रुग्ण येताना जे घेऊन आला तेवढंच घ्यायचं. रुग्णालयात राहून त्याला इन्फेक्शन झालं असेल, तर ते हिशेबात धरायचं नाही. ते धरलं तर आपण म्हणतो, ‘बिचाऱ्यांकडे इन्फेक्शनवाले रुग्ण जास्त, त्यामुळे परत येणारच’, आणि ज्यांच्यामुळे इन्फेक्शन झालं त्यांनाच सूट देतो. म्हणून नोंदीत ‘दाखल होताना होतं का’ हा एक रकाना जीव की प्राण असतो. दुसरी गोम म्हणजे केसपेपरवर सहा आजार लिहिणाऱ्या रुग्णालयाचे रुग्ण कागदावर जास्त आजारी दिसतात. रुग्ण तेच, फक्त लिहिणारा दक्ष. किंवा चतुर.

गरिबी धरायची का, यावर तर अमेरिकेत वर्षानुवर्षं वाद झाला. धरली नाही तर गरिबांवर उपचार करणारी रुग्णालयं दंड भरत बसतात. धरली तर गरिबांना वाईट सेवा मिळाली तरी चालते, असं म्हटल्यासारखं होतं. शेवटी २०१६ च्या कायद्यानंतर तोडगा निघाला: गरीब रुग्णांच्या प्रमाणानुसार रुग्णालयांचे पाच गट केले आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच गटाशी करायला लागले. मला तो पटतो. इंदूरच्या एमवायसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची तुलना काचेच्या इमारतीतल्या कॉर्पोरेट रुग्णालयाशी एका रांगेत करणं आपल्याकडे तर आणखीच हास्यास्पद होईल.

अजून एक बारकावा, जो जाणकारही विसरतात. अ चा १.२ आणि ब चा ०.९ हे एकमेकांशी तोललेले आकडे नाहीत. अ ला त्याच्या स्वतःच्या रुग्णांवर शहराच्या सरासरीशी तोललं आहे, ब ला त्याच्या. सौम्य रुग्णांत अ वाईट आणि गंभीर रुग्णांत चांगलं, असंही आत दडलेलं असू शकतं. त्यामुळे ‘अपेक्षेपेक्षा जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणा, पण या गुणोत्तरांवरून पहिला-दुसरा नंबर लावू नका.

आणि मुळात हा फरक खरा आहे की नशिबाचा?

एक छोटं नर्सिंग होम घ्या. वर्षात ६० रुग्ण, परत आले ६, म्हणजे १० टक्के. शहराची सरासरी १५ टक्के. झळकवण्यासारखी गोष्ट वाटते. पण त्यांचं काम अगदी सरासरी असतं, तरी ६० पैकी साधारण ९ परत आले असते आणि निव्वळ नशिबाने हा आकडा एखाद्या वर्षी ४, तर एखाद्या वर्षी १४ निघू शकला असता. टक्क्यांत सांगायचं तर ७ पासून २३ पर्यंत काहीही. उलट २००० रुग्णांच्या रुग्णालयात नशिबाला इतकी मोकळीक नसते. तिथे तोच पट्टा जेमतेम साडेतेरा ते साडेसोळा टक्के आहे. म्हणून कुठलीही यादी उघडा, सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली छोटीच रुग्णालयं दिसतील. ती फार चांगली किंवा फार वाईट असतात म्हणून नव्हे, लहान असतात म्हणून.

हे दाखवायला मला आवडणारं चित्र म्हणजे फनेल प्लॉट. आडव्या रेषेवर रुग्णांची संख्या, उभ्या रेषेवर टक्केवारी किंवा ते प्रत्यक्ष-अपेक्षित गुणोत्तर. मधोमध सरासरीची आडवी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना नशिबाच्या मर्यादेच्या दोन वक्र रेघा, डावीकडे रुंद आणि उजवीकडे निमुळत्या होत गेलेल्या. प्रत्येक रुग्णालय म्हणजे एक ठिपका. रेघांच्या आत असलेल्यांबद्दल काही बोलायचं नाही. बाहेर पडलेल्यांकडे जाऊन चौकशी करायची. रुग्णालयांच्या तुलनेसाठी ही पद्धत रुजवण्यात ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहाल्टर यांच्या २००५ च्या लेखाचा मोठा वाटा आहे. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांनंतर जास्त मृत्यू होत होते. त्या प्रकरणाच्या सरकारी चौकशीतही आकड्यांचं विश्लेषण करणाऱ्यांत ते होते.

रेघा सहसा दोन जोड्यांनी काढतात: ९५ टक्क्यांची आणि ९९.८ टक्क्यांची. कारण साधं आहे. शंभर रुग्णालयं सगळी सारखीच चांगली असली, तरी ९५ टक्क्यांच्या रेघेबाहेर पाचेक जण निव्वळ योगायोगाने जाणार. त्यांची नावं पेपरात छापली तर पाच निरपराध बदनाम होतात. बाहेरच्या रेघेपलीकडे योगायोगाने पाचशेत एखादाच जातो. आपले अ आणि ब? हिशेब केला तर दोघंही ९५ टक्क्यांच्या रेघांच्या आतच राहतात. ८.४ आणि १८.९ मधलं ते भलंमोठं अंतर आधी केस मिक्सने खाल्लं आणि उरलेलं बरंचसं नशिबाच्या पट्ट्यात गेलं. बाबांना कुठे न्यायचं ते या आकड्यांवरून ठरत नाही. कोणत्या ठिकाणी हृदयाचे डॉक्टर रात्री हजर असतात, यावरून ठरवा.

अमेरिकेची सरकारी पद्धत यापुढे एक पाऊल जाते. छोट्या रुग्णालयाच्या आकड्यावर ती पूर्ण विश्वास ठेवत नाही. त्याला सरासरीकडे ओढते. रुग्णालयांमधला खरा फरक साधारण दोन टक्क्यांच्या घरात असतो असं धरलं, तर आपल्या ६० रुग्णांच्या नर्सिंग होमचे १० टक्के ओढून १४ च्या आसपास नेले जातात. २००० रुग्णांच्या रुग्णालयाचे १८ असतील, तर ते साडेसतराच्या खाली येत नाहीत, कारण तिथे पुरावा भरपूर आहे. अंदाज म्हणून हे एकंदरीत जास्त बरोबर येतं. पण खरोखर वाईट काम करणारं छोटं रुग्णालय यात सरासरीच्या पदराआड लपतं, आणि टीका नेमकी त्यावरच होते. शिवाय एखाद्या आजाराचे २५ पेक्षा कमी रुग्ण असतील, तर त्या आजारासाठी दंडाचा हिशेबच करत नाहीत, आणि एरवीही एकाहून जास्त वर्षांचे आकडे एकत्र धरतात.

नशिबाचा आणखी एक खेळ सुधारणा मोजताना होतो. या वर्षी सगळ्यात वाईट ठरलेल्यांना बोलावून झापलं, तर पुढच्या वर्षी त्यांतले बरेचजण सुधारलेले दिसतात. काही खरंच सुधारलेले असतील. बाकीच्यांचं वाईट नशीब संपलं एवढंच. झापणाऱ्याला मात्र वाटतं, आपल्या झापण्याचा गुण आला.

आता राहिला तो मुद्दा, ज्यामुळे मी या एकट्या आकड्यावर कधीच भिस्त ठेवणार नाही. घरी जाऊन तिसऱ्या दिवशी वारलेला माणूस परत दाखल होत नाही. हिशेबात तो ‘परत न आलेला’ म्हणून चांगल्या बाजूला जमा होतो. त्यामुळे मृत्यूचा आकडा शेजारी ठेवल्याशिवाय पुन्हा दाखल होण्याचा आकडा वाचूच नये. अमेरिकेत दंड लागल्यावर परत येणारे घटले, पण २०१८ साली ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हार्ट फेल्युअर आणि न्यूमोनियाच्या रुग्णांत सुटीनंतरचे मृत्यू वाढल्याचं दिसलं. ते दंडामुळेच का, यावर अजून एकमत नाही. रुग्णाला दाखल न करता इमर्जन्सीतच ‘निरीक्षणाखाली’ ठेवायची पळवाटही तिथे होती, कारण तसं ठेवलं की ‘पुन्हा दाखल’मध्ये तो मोजला जात नाही.

उद्या आपल्याकडे अशी यादी निघालीच, तर माझ्या मागण्या थोड्याच आहेत. क्रमांक देऊ नका, फनेल द्या. शेजारी मृत्यूचा फनेल द्या. आणि सात दिवसांचा आकडा वेगळा काढा. पहिल्या आठवड्यात परत येणाऱ्यांत रुग्णालयाचा हात जास्त असतो: सुट्टी घाईने दिली का, डिस्चार्जच्या कागदावरच्या गोळ्या घरच्यांना हिंदीत, निमाडीत, भिलीत, जी भाषा ते बोलतात तीत, समजावल्या का. चौथ्या आठवड्यात परत आलेल्या बडवानीच्या माणसाच्या गोळ्या बहुधा दोन आठवड्यांपूर्वीच संपलेल्या असतात, आणि त्याचा हिशेब इंदूरच्या रुग्णालयाकडे नाही, त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राकडे मागायला हवा.